लेकॉक येथील हायस्ट्रीट व तेथील इमारती

जुन्या गांवाचा इतिहास लिहितांना आपले संशोधक प्रथम दप्तराकडे वळतात, आणि तें योग्यच आहे. परंतु दप्तर नष्ट झालें म्हणजे इतिहासही संपला, ही जी समजूत रूढ आहे ती आम्हांस मान्य नाहीं. रस्ता, चौक, भिंत, आढें व तुळई हींही इतिहासाचीं साधनेंच होत. मात्र कागदाप्रमाणें त्यांचीही पारख करावी लागते. ती कशी करावी हें दाखविण्यासाठीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांतल्या लेकॉक ह्या लहानशा गांवाच्या मुख्य रस्त्याचा, म्हणजे हायस्ट्रीटचा, वृत्तांत येथें देत आहों. हेंच गांव निवडण्याचें कारण असें कीं, येथें इमारती व कागद हीं दोन्ही साधनें टिकलीं, आणि दोहोंच्या रक्षणाचा प्रश्न अखेर एकाच मालकिणीपुढें उभा राहिला.

लेकॉक हें एव्हन नदीच्या कांठचें गांव. इ. स. १०८६ च्या डूम्सडे पाहणींत त्याचा उल्लेख आहे. पुढें सॉल्झबरीची काउंटेस एला हिनें १२३२ सालीं येथें ऑगस्टिनियन संन्यासिनींचा मठ स्थापिला, आणि गांव त्या मठाच्या सत्तेखालीं वाढलें. गांवाचे मुख्य रस्ते चारच : हायस्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट व ईस्ट स्ट्रीट. हे मिळून एक चौकोन होतो. ह्या चौकोनांत हायस्ट्रीट विशेष रुंद आहे. वाहनांच्या सोयीसाठीं ही रुंदी ठेविलेली नाहीं. येथें बाजार भरत असे, त्याची ती खूण आहे. बाजार केव्हांच मोडला, पण त्याची जागा रस्त्यानें अद्याप सोडलेली नाहीं.

हायस्ट्रीट व ईस्ट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर मठाचें कोठार उभें आहे. हें चौदाव्या शतकांतील असून त्याचें लांकडी आढें पाहण्यासारखें आहे. कुळांकडून येणारें धान्य, कातडीं व लोंकर हीं येथें सांठवीत. रोख पैशापेक्षां जिन्नसरूपानें सारा घेण्याची वहिवाट किती मोठी होती, हें ह्या कोठाराच्या आकारावरून एका दृष्टिक्षेपांत कळतें. त्याच्याच टोंकास अठराव्या शतकांतील घुमटाकार छपराची एक लहान कोठडी आहे. दारुडे व किरकोळ गुन्हेगार यांस रात्रभर तींत कोंडीत असत. मठाचें कोठार आणि गांवाची कोठडी एका भिंतीला लागून असावीं, ह्यांत सत्ता कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली त्याचा सारांशच आहे.

आतां घरांकडे वळूं. रेड लायन नांवाच्या खानावळीची दर्शनी भिंत लाल विटांची, जॉर्ज राजांच्या काळच्या पद्धतीची आहे. शेजारच्या कित्येक घरांची दर्शनी बाजू अशीच मागाहून बदललेली आहे. तेव्हां केवळ तोंड पाहून घराचा काळ ठरविणारा मनुष्य फसावयाचाच. पोथीवर नवें वेष्टन घातलें म्हणून पोथी नवी होत नाहीं. तसेंच येथें आहे. दगडाविटांच्या पडद्यामागें जुना लांकडी सांगाडा असूं शकतो. हायस्ट्रीटला समांतर असलेल्या चर्च स्ट्रीटवर एका घराचा असा सांगाडा बाहेरूनच दिसतो. वांकडें झाड उभें चिरून त्याचे दोन भाग एकमेकांसमोर कमानीप्रमाणें उभे करावयाचे, म्हणजे छपराचा भार तेच पेलतात, अशी ही जुनी रचना आहे. भिंत फार तर दुरुस्ती सांगते. काळ सांगतात तीं लांकडें.

आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५३९ सालीं, मठ बंद झाला व १५४० सालीं तो विल्यम शॅरिंग्टन ह्यानें विकत घेतला. पुढें विवाहसंबंधानें ही मालमत्ता टॅल्बट घराण्याकडे आली. शतकानुशतकें गांवाचा धनी एकच राहिला, आणि मोठे कारखाने येथें आले नाहींत, ह्या दोन कारणांनीं जुनीं घरें पाडून नवीं उठविण्याचा प्रसंग फारसा आला नाहीं. याच घराण्यांतील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट ह्यानें १८३५ च्या ऑगस्टांत मठाच्या एका जाळीदार खिडकीचें छायाचित्र घेतलें. उपलब्ध छायाचित्र-निगेटिव्हांत तें सर्वांत जुनें समजतात.

ह्याच वाड्यांत एक अमोल कागद, किंबहुना चर्मपत्र, होतें : मॅग्ना कार्टा ह्या महासनदेची तिसऱ्या हेन्रीनें १२२५ सालीं दिलेली मूळ प्रत. मठ स्थापन झाला १२३२ त. म्हणजे सनद मठाहून सात वर्षांनीं जुनी. मग ती येथें आली कशी? उत्तर तिच्या पाठीवर आहे. विल्टशरच्या सरदारांनीं ती ठेव म्हणून दिली, असा तेथें शेरा आहे. अर्थात् मठ हा परगण्याच्या विश्वासाचें स्थान होता. पाठीवरचा शेरा न वाचतां केवळ पुढचा मजकूर उतरून घेणाऱ्यांनीं ह्या उदाहरणापासून बोध घ्यावा.

१९१६ सालीं ही मिळकत मटिल्डा टॅल्बट ह्या बाईंकडे आली. त्यांनीं १९४४ सालीं मठ व गांव नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या स्वाधीन केलीं, आणि १९४६ सालीं सनद ब्रिटिश म्यूझियमला अर्पण केली. ती आज ब्रिटिश लायब्ररींत आहे. घरें हलविणें शक्य नव्हतें, म्हणून त्यांची मालकी हलविली. सनद हलविणें शक्य होतें, म्हणून ती सर्वांस पाहतां येईल अशा जागीं हलविली. सनद गांवांतून गेली याचें कोणास वाईट वाटेल, आम्हांसही वाटतें. पण ठेव ही ठेवणाऱ्यांच्या हितासाठीं असते, सांभाळणाऱ्याच्या मानासाठीं नव्हे.

रक्षणाचाही एक धोका आहे. १९९५ सालीं जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ह्या कादंबरीच्या दूरचित्रवाणी-रूपांतरांत हाच रस्ता मेरिटन म्हणून दाखविला गेला. प्रेक्षकाला सारेंच एका काळचें वाटतें. वस्तुतः चौदाव्या शतकाचें कोठार, अठराव्या शतकाची कोठडी व विटांचीं तोंडें हीं एका ओळींत उभीं आहेत. तीं निरनिराळ्या हातांचीं अक्षरें आहेत. तीं वेगळीं ओळखणें हेंच संशोधकाचें काम.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जुने रुमाल आहेत, त्यांनीं तीं सोडतांना ते ज्या माजघरांत व ज्या पेठेंत राहिले त्यांचीही टिपणें करून ठेवावीं, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करितों.