वकिली सुटली, उलटतपासणी सुटली नाही

पन्नाशीच्या माणसाने चालता धंदा सोडला की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. एक, ‘या वयात हे काय सुचलं?’ आणि दुसरे, ‘सुटला एकदाचा!’ २०००-०१ साली सरकारी बँकांतून माणसे मोठ्या संख्येने स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली, तेव्हा ही दोन्ही वाक्ये घरोघरी ऐकू आली. दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जुने काम मागे पडले आणि माणूस रिकाम्या हातांनी नव्याकडे निघाला. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी मी पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्याकडे वळतो.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. १८८५ साली ते बी. ए. झाले, १८८७ साली एलएल. बी. काही काळ कराचीत आणि मग मुंबईत त्यांनी वकिली केली. गाण्याचा नाद त्याआधीपासूनचा. पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते १८८४ पासून जात होते. तिथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी ध्रुपदे घेतली, उस्तादांकडून ख्याल घेतले. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी मंडळी, असे हे वर्षानुवर्षे चालले.

१९०० साली पत्नी गेली. १९०३ साली मुलगी गेली. त्यानंतर वकिलीतून त्यांचे मन उडाले आणि १९१०च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत, ती त्यांनी सोडली. ही हकिकत सहसा एका वाक्यात उरकतात. पण तारखा जरा सावकाश पाहाव्यात. १८९६ सालीच ते संगीताच्या शोधात गुजरात-काठेवाडकडे जाऊन आले होते. १९०४ साली दक्षिणेत गेले, १९०७ साली कलकत्त्यापर्यंत, १९०८ साली उत्तरेत. म्हणजे धंदा सोडण्याच्या दिवसापर्यंत दुसऱ्या कामात पंचवीस वर्षे मुरलेली होती. घरातल्या दु:खाने दार उघडले असेल, पण दारापर्यंतची वाट त्यांनी आधीच चालून ठेवली होती.

आणि या वाटेवर ते गेले वकील म्हणूनच. प्रवासाला निघण्याआधी प्रश्नांची यादी तयार असायची. गावातले गवई, बीनकार, शास्त्री यांना गाठायचे, तेच प्रश्न प्रत्येकाला विचारायचे आणि रात्री रोजनिशीत उत्तरे टिपायची. एकाच रागातल्या चिजा निरनिराळ्या घराण्यांच्या तोंडून ऐकायच्या, स्वरलिपीत उतरवायच्या, एकमेकींशी ताडून पाहायच्या. १९०४च्या दौऱ्यात ते एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले. सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’तली बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांनी बारकाईने पाहिली. उत्तरेकडच्या रागांना अशी काही चौकट देता येईल, ही कल्पना त्यांना तिथून मिळाली. पुढे त्यांनी केलेले दहा थाट या बहात्तरांतूनच निवडलेले आहेत.

आता एक अनुमान, आणि ते सर्वस्वी माझे आहे. भातखंड्यांपुढचा मोठा पेच असा होता, की जुने संस्कृत ग्रंथ सांगतात एक आणि मैफलीत गातात दुसरे. मग प्रमाण कोण? त्यांनी कौल प्रचाराला दिला. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नावच ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ आहे, आणि लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गाण्यात असलेले, चालू असलेले. हाच पेच हिंदू कायद्यात पूर्वीच पडला होता. १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलने मदुरेच्या कलेक्टरच्या गाजलेल्या दत्तक-प्रकरणात म्हटले होते, की हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथातल्या वचनापेक्षा वरचढ ठरतो. १८८७ साली एलएल. बी. झालेल्या माणसाला हा निवाडा ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. ज्या पेशाला माणूस कंटाळला, त्याच पेशाने त्याला हे हत्यार दिले होते.

मात्र हत्याराला धार असते. ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ हा त्यांचा मोठा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिलेला आहे. त्याचा पहिला भाग १९१० साली निघाला. त्यात नाव न घेता काही गवयांशी झालेले संवाद येतात. तिथला सूर मला अजून खटकतो. ज्या माणसाने आयुष्यभर गळ्यात विद्या सांभाळली, त्याला व्याख्या विचारायची आणि ती आली नाही की हसायचे, हे कोर्टात शोभते, बैठकीत नाही. उस्तादांना त्यांचा संशय आला असेल तर नवल नाही. त्यांच्याच चिजांवर हे शास्त्र उभे राहत होते.

तसा त्या काळी संगीताच्या शास्त्राचा खल करणाऱ्यांत कचेरीतली मंडळी बरीच होती. श्रुतींवर पुस्तक लिहिणारे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, त्यांचे सहकारी क्लेमंट्स आय.सी.एस. अधिकारी, आणि समोर भातखंडे वकील! सयाजीरावांच्या आश्रयाखाली १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा श्रुतींचा वाद तिथेही निघालाच.

पण हाच उलटतपासणी करणारा माणूस पन्नाशी उलटल्यावर रामपूरचे नवाब हमीद अली खान यांचा शागीर्द झाला. नवाब स्वत: तानसेनाच्या परंपरेतल्या वजीर खानांचे शिष्य. तिथे वकिली चालणार नव्हती. तिथे खाली बसूनच शिकावे लागे, आणि ते बसले.

थाटांबद्दलची तक्रार आजही ऐकू येते, आणि ती खरी आहे. अहिर भैरवाचे किंवा मधुवंतीचे स्वर दहांपैकी एकाही थाटात नीट बसत नाहीत. वर्गवारी करणाऱ्याला कप्पे कमी हवेत, रागांना त्याची फिकीर नसते. तरीही क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत हजाराहून अधिक चिजा छापल्या गेल्या. एका घराण्याबाहेर कधी न गेलेली बंदिश गरिबाघरच्या विद्यार्थ्यालाही मिळाली. एरवी यांतल्या किती चिजा गाणाऱ्याबरोबर गेल्या असत्या!

१९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले तेव्हा भातखंडे सहासष्ट वर्षांचे होते. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे तिथले प्राचार्य झाले, आणि आता ती संस्था भातखंड्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. ‘पद्धती’चा चौथा, जाडजूड भाग १९३२ साली निघाला. बहात्तराव्या वर्षीही शिष्य शंका काढतो आहे आणि गुरू एकेका मताचा पुरावा मांडतो आहे. पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले.