म्हैसूरची रिकामी गादी

इ. स. १७९६ मध्ये म्हैसूरचे नामधारी राजे खासा चामराज वडेयर वारले, तेव्हा टिपू सुलतानाने त्यांच्या जागी कोणालाच बसविले नाही. त्याच्या वडिलांची, हैदरअल्लीची, रीत निराळी होती. राज्याची सारी सत्ता हाती आल्यावरही हैदरने वडेयरांची गादी मोडली नाही. एक राजा गेला की त्याच घराण्यातला दुसरा मुलगा शोधावयाचा, दसऱ्याला त्याचे दर्शन प्रजेला घडवावयाचे आणि कारभार आपण पाहावयाचा, असा त्याचा क्रम होता. खासा चामराजांची निवड १७७६ मध्ये हैदरनेच केली. घराण्यातील मुले एका दालनात जमवून त्याने त्यांच्यापुढे खेळणी, फळे आणि शस्त्रे मांडली. बाकीची मुले खाऊकडे धावली, एकाने मात्र कट्यार उचलली, आणि हैदर म्हणाला की राजा सापडला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, राजा नेमण्याचा अधिकार कोणाकडे होता हे तिच्यावरून कळते. साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे यांचा इतिहास जाणणाऱ्या मराठी माणसाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. टिपूला मात्र अशा पडद्याची गरज वाटेनाशी झाली होती. गादी तीन वर्षे रिकामी राहिली आणि राजघराण्याच्या वाट्याला राजवाडा सोडून साध्या घरात राहणे आले.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले व टिपू लढता लढता मारला गेला. आता जिंकलेल्या राज्याचे काय करावयाचे, हा प्रश्न गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉर्निंग्टन यांच्यापुढे आला. हेच पुढे मार्क्विस वेलस्ली म्हणून प्रसिद्धीस आले. सबंध राज्य कंपनी आणि निजाम यांनी वाटून घ्यावे, तर निजाम फार प्रबळ होणार आणि पुणे दरबाराची नाराजी ओढवणार. टिपूच्या एखाद्या मुलास गादी द्यावी, तर बापाच्या पराभवाचे शल्य त्याच्या मनातून जाणार नाही. टिपूचा मातबर कारभारी पूर्णय्या याने प्रथम थोरला शाहजादा फत्ते हैदर याचेच नाव सुचविले होते. ते मान्य झाले नाही. उरले वडेयर. ज्याचे सर्वस्व गेलेले आहे तो देणाऱ्याचा उपकार विसरणार नाही, हा हिशेब त्यामागे होता. न्यायाचा विचार त्यात अगदीच नव्हता असे नाही, पण तो हिशेबाच्या मागून आला.

वडेयरांच्या बाजूनेही कोणी स्वस्थ बसलेले नव्हते. दुसऱ्या कृष्णराजांची विधवा राणी लक्ष्मम्मण्णी हिने कितीतरी वर्षे इंग्रजांशी गुप्तपणे संधान बांधले होते. तिरुमलराव आणि नारायणराव हे बंधू तिच्या वतीने तंजावर आणि मद्रास येथे खटपट करीत होते; १७८२ मध्ये त्यांनी कंपनीशी एक करारही केला होता. अशा नेमणुकांच्या इतिहासात नेमणाऱ्याचेच नाव मोठे होते. पडद्याआड वर्षानुवर्षे चिकाटीने अर्ज करणाऱ्या माणसांना फारसे कोणी आठवत नाही. या राणीचे स्मरण म्हैसूरकरांनी तरी ठेवले पाहिजे.

३० जून १७९९ रोजी खासा चामराजांचा मुलगा कृष्णराज, वय पाच वर्षांस दोन आठवडे कमी, गादीवर बसविण्यात आला. म्हैसूरचा जुना राजवाडा मोडून पडला होता, म्हणून समारंभ मांडवात झाला. पूर्णय्या दिवाण झाला. काल टिपूचा जमाखर्च पाहणारा हा देशस्थ माध्व ब्राह्मण आज वडेयरांचा पाहू लागला, आणि १८११ पर्यंत त्याने तो चोख पाहिला. पेशव्यांनाही हरपनहळ्ळी, सोंडे वगैरे प्रदेश अटी घालून देऊ केला होता. दुसऱ्या बाजीरावाने तो नाकारला, आणि तो वाटा कंपनी व निजाम यांनी घेतला. ८ जुलै रोजी राजाशी तैनाती फौजेचा तह झाला. सालिना सात लाख होन खंडणी ठरली. सूर्यचंद्र असेपर्यंत हा तह पाळला जाईल असे त्यात लिहिले होते. ‘वारस व उत्तराधिकारी’ हे शब्द मात्र त्यात नव्हते.

तहनाम्यातील अशी रिकामी जागा पन्नास-साठ वर्षांनी कोणाला तरी सापडतेच. १८३१ मध्ये नगर भागातील बंडानंतर लॉर्ड बेंटिंक यांनी तहाच्याच एका कलमाचा आधार घेऊन कारभार इंग्रज कमिशनरांकडे सोपविला. कृष्णराज राजे राहिले, राज्य गेले. पुढे सदतीस वर्षे त्यांनी ते परत मिळावे म्हणून लिहिले आणि लिहवून घेतले. त्यांना औरस पुत्र राहिला नव्हता. लॉर्ड डलहौसी यांनी १८५६ मध्ये हिंदुस्थान सोडताना आपल्या टिपणात, राजे वृद्ध असून त्यांच्यामागे म्हैसूर कंपनीकडे येईल अशी अपेक्षा नमूद करून ठेवली होती.

येथे साताऱ्याची आठवण अपरिहार्य आहे. १७९९ ची युक्ती एल्फिन्स्टनने १८१८ मध्ये पुन्हा वापरली: पेशव्यांचे राज्य घेतले आणि प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याच्या गादीवर बसविले. कारणेही तीच, जिंकलेल्या मुलखातील लोकांचे मन राखणे आणि उपकृत राजा मिळविणे. १८१९ च्या सातारच्या तहात ‘वारस व उत्तराधिकारी’ हे शब्द स्पष्टपणे होते. तरीही १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले, आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी मृत्युशय्येवर दत्तक घेऊन वारले, तेव्हा तो दत्तक नामंजूर झाला. हे राज्य आम्हीच निर्माण केले, म्हणून दत्तकाला आमची संमती हवी, असा युक्तिवाद झाला. रंगो बापूजींनी लंडनमध्ये चौदा वर्षे घालविली, कर्जबाजारी झाले, आणि हात हलवीत परतले. १८५३ मध्ये झाशीचे गंगाधरराव आणि नागपूरचे तिसरे रघूजी भोसले यांच्यामागे तेच घडले. ‘आम्हीच निर्माण केले’ हे वाक्य साताऱ्याइतकेच म्हैसूरलाही लागू पडत होते. मग साताऱ्याला शब्द असून राज्य गेले आणि म्हैसूरला शब्द नसताना ते परत आले, हे कसे?

उत्तर तहनाम्यात सापडत नाही. ते १८५७ मध्ये आहे. त्या वर्षाने इंग्रजांना शिकविले की खालसा केलेली संस्थाने महाग पडतात. लॉर्ड कॅनिंग यांनी १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, पण कृष्णराजांच्या हाती राज्य नव्हते, म्हणून त्यांना सनद मिळाली नाही. १८ जून १८६५ रोजी या वृद्ध राजाने सनदेची वाट न पाहता बेट्टदकोटे शाखेतील अडीच वर्षांचा चामराजेंद्र दत्तक घेतला. व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांनी तो राज्याचा वारस म्हणून मानण्यास नकार दिला. परंतु आता वाद लंडनमध्ये पेटला. मेजर इव्हान्स बेल याने १८६५ मध्ये म्हैसूरच्या बाजूने पुस्तकच लिहिले. हा गृहस्थ पूर्वी नागपूरला अधिकारी होता आणि तेथे त्याने भोसल्यांच्या घराण्याची बाजू घेतली होती. नागपूरची हारलेली फिर्याद जणू तो म्हैसूरसाठी पुन्हा मांडीत होता. म्हैसूर खालसा केले तर १७९९ च्या वाटणीतील भागीदार म्हणून निजामही हिस्सा मागेल, हाही मुद्दा पुढे आला. अखेर एप्रिल १८६७ मध्ये भारतमंत्री सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांनी दत्तक मान्य केला. २७ मार्च १८६८ रोजी कृष्णराज वारले, ते निदान ही बातमी ऐकून. सप्टेंबरमध्ये चामराजेंद्रांना गादीवर बसविण्यात आले. त्यांचेही वय पाचच वर्षांचे.

कारभार प्रत्यक्ष हाती आला तो २५ मार्च १८८१ रोजी, आणि अटींच्या भल्यामोठ्या यादीसह. वारसा चालू राहण्यासाठी सरकारची मान्यता लागेल, ही त्यातलीच एक. पण त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांनी एक निराळी गोष्ट केली. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी, दसऱ्याच्या निमित्ताने, राज्यातील १४४ जमीनदार व व्यापारी यांची प्रतिनिधी सभा म्हैसूरला भरली. हे सभासद निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते. त्यांना ठराव मंजूर करण्याचा अधिकार नव्हता, फक्त गाऱ्हाणी सांगता येत. निवडणूक सुरू झाली ती १८९१ मध्ये, तीही मालमत्तेच्या अटीवर. तथापि ज्या दसऱ्याला हैदर प्रजेला केवळ राजाचे दर्शन घडवीत असे, त्याच सणाला आता प्रजेची माणसे दिवाणासमोर बसून राज्याचा जमाखर्च ऐकू लागली. १९०७ मध्ये कायदे कौन्सिल आले.

स्वातंत्र्यानंतर जयचामराज वडेयर १९५० ते १९५६ म्हैसूरचे राजप्रमुख, पुढे १९६४ पर्यंत राज्यपाल आणि नंतर मद्रासचे राज्यपाल झाले. या साऱ्या नेमणुकाच होत्या. संसदेतील जागेचे तसे नाही. अमेरिकेत सिनेटमधील जागा रिकामी झाली तर अनेक घटक राज्यांत गव्हर्नर तात्पुरता सभासद नेमू शकतो, आणि ती जागा दिवंगत सभासदाच्या पत्नीला दिल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे लोकसभेची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूकच घ्यावी लागते. घराण्याचे नाव तिकीट मिळवून देते हे खरे. जागा मतेच देतात. जयचामराजांचे पुत्र श्रीकंठदत्त हे म्हैसूरमधून १९८४, १९८९, १९९६ आणि १९९९ अशा चार वेळा लोकसभेवर गेले, पण १९९१ मध्ये पक्ष बदलून उभे राहिले तेव्हा त्याच मतदारांनी त्यांना घरी बसविले, आणि २००४ मध्ये पुन्हा तेच झाले.

डिसेंबर २०१३ मध्ये श्रीकंठदत्त वारले. त्यांना अपत्य नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्या पत्नी प्रमोदादेवी यांनी घराण्यातील मुलीचा नातू यदुवीर याला दत्तक घेतले. या वेळी कलकत्त्याला अर्ज गेला नाही, लंडनचे उत्तर यावयाचे नव्हते, आणि सनदेचा प्रश्नच नव्हता, कारण १९७१ च्या घटनादुरुस्तीने राजेपदाची सरकारी मान्यताच संपविली होती. २०२४ मध्ये यदुवीर म्हैसूर-कोडगु मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे राहिले आणि निवडून आले; निवडणुकीची मुदत पाच वर्षांची.