माळ्यावरचा चरखा

गांधीजींच्या आश्रमात आधी माग आले, पण सूत गिरणीचंच. हातानं कातायला चरखाच मिळेना. 1917 साली भडोचला त्यांना गंगाबेन मजमुदार भेटल्या. बरीच वणवण करून गंगाबेननी बडोदा संस्थानातल्या विजापुरात चरखा शोधला. तिथं पुष्कळ घरांत चरखे होते, पण अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेले. लोक कातायला तयार होते. पेळू नियमित मिळावेत आणि सूत कुणीतरी विकत घ्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. गंगाबेननी पिंजारी गाठला, पेळू करून घेतले, सूत कातलं जाऊ लागलं. आश्रमातली पहिली खादी वाराला 17 आणे पडली, महागच. तरी काम थांबलं नाही.

आपल्या गटांतही शिकलेलं काम माळ्यावर जातं. म्हणून शिकण्याआधीच आपण विचारू या: कच्चा माल कोण देणार? तयार माल कोण घेणार?