गाविलगडाच्या शेजारचे चिखलदरा

महाराष्ट्रातील थंड हवेची बहुतेक ठिकाणे सह्याद्रीच्या रांगेत आहेत. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा मात्र सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर वसलेले असून, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाने ते वेढलेले आहे. या गावाचा इतिहास सहसा १८२३ पासून सांगितला जातो, कारण त्या वर्षी हैदराबादच्या पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने हे पठार ‘शोधले’ असे मानतात. पठारालगत गाविलगडाचा प्रचंड किल्ला तेव्हा जवळजवळ चार शतके उभा होता, भोवतीच्या जंगलात कोरकू आणि गवळी लोकांच्या वस्त्या होत्या, आणि कीचकाचा वध भीमाने येथेच केला अशी कथाही लोकांत रूढ होती. म्हणून या प्रसंगाला शोध म्हणणे योग्य ठरत नाही.

फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते गाविलगड १४२५ मध्ये बहामनी सुलतान अहमदशाह वली याने बांधला. पुढे इमादशाही, निजामशाही, मुघल आणि नागपूरकर भोसले अशा सत्ता त्यावर आल्या. १८०३ मध्ये असई आणि अडगावच्या लढायांत शिंदे-भोसल्यांचा पराभव झाल्यावर मराठ्यांची उरलेली फौज या किल्ल्याच्या आश्रयाला आली. तेव्हा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दक्षिण बाजूने वेढा घातला, स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा अनेक दिवस डोंगरातून ओढत उत्तरेच्या तटासमोर आणल्या, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. तहानंतर गड भोसल्यांकडेच राहिला होता, परंतु १८२२ मध्ये तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. रॉबिन्सन पठारावर येतो तो त्यानंतरच्याच वर्षी, हे पाहता त्याचे येणे निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. सत्तेचा ताबा आधी बदलला आणि हवेचे कौतुक मागाहून झाले.

सह्याद्रीतील एका किल्ल्याशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. हा किल्ला म्हणजे पुणे जिल्ह्यातील राजगड. उंची, पाऊस, आणि किल्ल्याच्या मुख्य माथ्याखालील विस्तीर्ण सपाटी, जिला माची म्हणतात, यांपैकी राजगडाजवळ काहीच कमी नव्हते. रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी येथेच होती. तरीही हा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात राहिला, आणि मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरने १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींशी अदलाबदलीचा करार करून महाबळेश्वर मिळवले. बंगले कोठे उठणार हे केवळ हवेने ठरत नव्हते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केल्यावर चिखलदऱ्याला सॅनिटोरियमचे, म्हणजे आजारी व थकलेल्या लोकांनी हवापालटासाठी राहण्याच्या ठिकाणाचे, स्वरूप आले, आणि एलिचपूर (आजचे अचलपूर) व अमरावतीचे अधिकारी उन्हाळ्यात येथे येऊ लागले. कॉफीची लागवडही याच परंपरेतली आहे. मात्र १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, त्या प्रांताचे उन्हाळी सरकार पचमढीला भरत असे, आणि चिखलदरा दुय्यम राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि पचमढी मध्य प्रदेशातच राहिली. विदर्भाला स्वतःचे म्हणता येईल असे गिरिस्थान तेव्हा हेच एक उरले.

जंगलाचा इतिहास याला समांतर चालतो, आणि तो अधिक वेदनादायक आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या आरंभी देशात जी नऊ क्षेत्रे निवडली गेली त्यांत मेळघाट होते. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य आणि १९८७ मध्ये ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. अभयारण्यात काही मानवी हक्क चालू ठेवता येतात, राष्ट्रीय उद्यानात मात्र ते जवळजवळ संपतात. त्यामुळे वाघासाठी निर्वेध राखायच्या भागातून, म्हणजे गाभा क्षेत्रातून, गावे उठवण्याचे धोरण आले आणि कोहा, कुंड, बोरी ही कोरकूंची गावे खाली सपाटीवर हलवली गेली. वाघाला निर्वेध जंगल हवे यात शंका नाही. परंतु ज्या लोकांनी मोह, बांबू आणि चराई यांच्या आधारे या डोंगरात पिढ्या काढल्या, त्यांना हलवताना दाखवलेली तत्परता पर्यटकांच्या गर्दीला आवर घालताना दिसली नाही, ही विषमता इतिहासकाराने नोंदवलीच पाहिजे.

अलीकडे सिडको या शासकीय नियोजन संस्थेने गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामधील दरीवर सुमारे ४०० मीटर लांबीचा स्कायवॉक, म्हणजे काचेचा झुलता पादचारी पूल, उभारण्याचे काम हाती घेतले, आणि वन व वन्यजीव खात्यांच्या परवानग्यांपायी ते दीर्घकाळ रेंगाळले. बाजारात गवळ्यांचा खवा आजही विकला जातो, पण त्यामागची जनावरे चरायची कोठे, हा प्रश्न त्या परवानग्यांच्या कागदांत क्वचितच येतो.