दुपारचा चहा, घराबाहेर : बेळगाव–निपाणी भागातील एक कौटुंबिक रीत

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, परीक्षेचा निकाल, माहेरवाशीण घरी आलेली, मुलगा नोकरीवरून सुट्टीला आलेला. अशा दिवशी सगळ्या घराने मिळून दुपारी चार–साडेचारला चहाला बाहेर पडायचे, ही आपल्या सीमाभागातील अनेक घरांची सवय आहे. जेवणाच्या बेतापेक्षा हा बेत सोपा आणि कमी खर्चाचा असतो. दुपारची झोप झालेली असते, उन्हे उतरलेली असतात आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतता येते. आजीआजोबांना जागरण होत नाही, मुलांचा दुसऱ्या दिवसाचा अभ्यास बुडत नाही.

या रीतीचा खरा लाभ मात्र घरात रोज चहा करणाऱ्या व्यक्तीला होतो. बहुतेक घरांत ती आई, आजी किंवा सून असते. घरी पाहुणे आले की सगळे बाहेरच्या खोलीत बोलत बसतात आणि ती आत गॅसजवळ उभी असते. तिचा स्वतःचा कप बहुधा शेवटचा आणि निवालेला. बाहेर चहाला गेल्यावर तीही सगळ्यांबरोबर बसते आणि तिच्यापुढे दुसरे कोणीतरी गरम कप आणून ठेवते. निपाणी परिसरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचे घर हेच कामाचे ठिकाण असते. त्यांच्यासाठी तर घराबाहेरचा तासभर हीच विश्रांती. या लेखात या रीतीची पार्श्वभूमी, जाण्याची ठिकाणे, चहाबरोबरचे पदार्थ आणि नियोजनाच्या गोष्टी एकत्र दिल्या आहेत.

एका मेजावर बसण्याचा इतिहास

चहा आपल्याकडे फार जुना नाही. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ साली झाला. दुपारी चहा आणि सोबत काही खाणे ही इंग्लंडमधील पद्धत साधारण १८४० च्या सुमारास सुरू झाली असे मानतात आणि तिचे श्रेय बेडफर्डची डचेस ॲना हिला दिले जाते. बेळगावात इंग्रजांची लष्करी छावणी होती. तो भाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखला जातो. छावण्यांबरोबर बेकऱ्या आल्या आणि बेकऱ्यांबरोबर पाव, बिस्किटे, केक.

सर्वसामान्य घरात चहा पोचायला मात्र विसावे शतक उजाडले. चहाच्या खपासाठी १९०३ पासून निर्यातीवर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून पुढे देशातही चहाचा प्रचार झाला. १९३० च्या दशकात सीटीसी यंत्र आले. या यंत्राने पानांचे बारीक दाणे होतात. थोड्या पावडरीत कडक रंग उतरतो आणि चहा स्वस्त पडतो. आपल्या घरचा दूध–साखरेचा उकळलेला चहा याच दाणेदार पावडरीचा.

पण चहा परवडणे आणि तो सर्वांनी एकत्र बसून पिणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १८९० साली गोपाळराव जोशी यांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील मान्यवरांना बोलावले. तेथे मिशनऱ्यांनी चहा–बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप तसाच ठेवला. नंतर उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि मोठा वाद उसळला. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी माणसे त्यात सापडली. प्रकरण संकेश्वर–करवीर पीठाच्या शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. निपाणी–बेळगाव रस्त्यावर आपण ज्या संकेश्वरवरून सहज जातो, त्या गावाच्या पीठापुढे एका कपभर चहाचा निवाडा आला होता, हे नव्या पिढीला सांगण्यासारखे आहे.

दुसरी घटना निपाणीकरांना आणखी जवळची. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. अस्पृश्य मानलेल्या जातीतील गंगाराम यांनी पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे त्यांचे चहाचे हॉटेल सुरू झाले. सवर्ण गिऱ्हाइके फिरकेनात. तेव्हा महाराज आपल्या लवाजम्यासह तेथे थांबू लागले, स्वतः चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सरदार–मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. राजाने उघड्या रस्त्यावर घेतलेल्या त्या चहाने भाषणापेक्षा जास्त काम केले.

बायकांना हॉटेलात बसण्याची मोकळीक त्याहून उशिरा मिळाली. उडुपी आणि इराणी हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ असे. लाकडी फळ्यांनी किंवा पडद्याने आडोसा केलेल्या या जागेतच घरच्या बायका बसत. आज कुटुंबे दर्शनी मेजावर मोकळेपणाने बसतात. तीन पिढ्यांतला हा बदल आपल्या आजींना विचारला तर त्या स्वतःच्या आठवणीतून सांगतील. चहाच्या वेळेला असा विषय चांगला रंगतो.

कोणत्या प्रसंगी

*निकालाचा दिवस.* एसएसएलसी किंवा पीयूसीचा निकाल दुपारपर्यंत कळलेला असतो. गुण कितीही असोत, त्या दिवशी मुलाला किंवा मुलीला घेऊन बाहेर जावे. नातेवाइकांचे फोन घरी घेत बसण्यापेक्षा ते बरे.

*दिवाळी–भाऊबीज.* बेंगळूरू, पुणे, मुंबई, गोवा येथून सगळे घरी आलेले असतात. फराळामुळे भूक नसते, पण चहा चालतो. ओवाळणी झाल्यावर भावाने बहिणींना चहाला नेण्याची पद्धत अनेक घरांत आहे.

*शिवजयंती आणि गणेशोत्सव.* बेळगावात पारंपरिक शिवजयंतीचे चित्ररथ रात्री निघतात. ते बघायला बाहेरगावचे पाहुणे येतात. पाचच्या सुमारास चहा घेऊन मग चालत मिरवणुकीच्या मार्गावर जाणे सोयीचे पडते.

*साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन.* मुख्य समारंभ गर्दीचा असतो. त्यानंतर आठवड्याभराने फक्त घरच्यांनी ज्येष्ठांना चहाला न्यावे. समारंभात न झालेले बोलणे तेव्हा होते.

*लग्न ठरवण्याआधीची भेट.* कांदेपोह्यांचा कार्यक्रम आता पुष्कळदा बाहेरच होतो. मुलीला ट्रे घेऊन यावे लागत नाही. दोन्ही घरे सारख्याच पाहुणी असतात.

कुठे जावे

*बेळगाव शहरात.* कॅम्पातील रस्त्यांवर झाडांची सावली आहे आणि बेकऱ्याही जवळपास आहेत. टिळकवाडीकडच्यांनी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फेरी मारून मग चहा घ्यावा. किल्ल्यातील कमल बस्ती पाहून किल्ला तलावाकाठी थांबणेही पाहुण्यांना आवडते. वेळ असेल तर सुमारे १५ किमीवरील राजहंसगड (येळ्ळूरचा किल्ला) करून यावा. गडावर वारा फार असतो, म्हणून आजीआजोबांसाठी शाल घ्यावी.

*निपाणीकडून.* तवंदी घाट आणि स्तवनिधी जवळच आहेत. कोल्हापूर सुमारे ४० किमी. तेथे रंकाळ्यावर फेरी आणि चहा असा बेत अर्ध्या दिवसात होतो. बेळगाव आणि निपाणी यांत सुमारे ७५ किमी अंतर आहे. दोन्हीकडचे नातेवाईक एकत्र येणार असतील तर वाटेत संकेश्वरला भेटावे, म्हणजे कोणालाच सगळा प्रवास पडत नाही.

*पावसाळ्यात.* घटप्रभेवरील गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच आहे आणि बेळगावहून साधारण ६० किमीवर. पाणी जोरात असताना खडक निसरडे होतात, मुलांना कठड्याच्या अलीकडेच ठेवावे. आंबोली ६५ ते ७० किमी. तेथे धुके लवकर उतरते, म्हणून चहा तीनलाच उरकून पाचच्या आत परत निघावे. जांबोटीकडचा रस्ता जवळचा, पण वाटेत दुकाने कमी. तेथे जाताना थर्मास बरोबर घेतलेला बरा.

चहाबरोबर काय

बेळगावचा कुंदा ही पहिली ओळख. दूध आणि खवा साखरेबरोबर तांबूस होईपर्यंत आटवून तो करतात. गोड कुंदा खाऊन लगेच चहा घेतला तर चहा फिका लागतो. म्हणून आधी तिखट–मिठाचे खाणे आणि चहा, शेवटी चमचाभर कुंदा, असा क्रम ठेवावा. नाहीतर चहाच कमी साखरेचा सांगावा. मांडे नाजूक असतात. ते चुरून दुधात खाण्याची रीत जुनी, चहाबरोबर मात्र कोरडेच बरे. गोकाकचा करदंट सुकामेवा, डिंक आणि गुळाचा. तो चावायला चिवट असतो, दातांची तक्रार असलेल्यांना लहान तुकडा द्यावा.

तिखटात मिरची भजी, कांदा भजी, चिरमुऱ्यांचा चिवडा, भडंग. बेकरीत खारी, बटर, टोस्ट, नानकटाई. खारी बशीत चहा ओतून त्यात बुडवायची की कपात, यावर प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. ते तसेच राहू द्यावेत.

थर्मासमध्ये दुधाचा चहा दोन तासांनंतर चवीला उतरतो. लांब जायचे असल्यास कोरा चहा आणि गरम दूध वेगवेगळे न्यावे. आले घालायचे तर ते आधी पाण्यात चांगले उकळावे आणि मगच दूध घालावे. कच्च्या आल्याने दूध फाटते.

मागवताना आणि बोलताना

आपल्या भागात ‘वन बाय टू’ सांगितले की एक चहा दोन कपांत येतो. ज्यांना थोडाच चहा हवा असतो त्यांच्यासाठी ही सोय उत्तम. साखर बहुतेक ठिकाणी आधीच घातलेली असते. त्यामुळे मधुमेह असलेल्यांचा बिनसाखरेचा चहा अगदी सुरुवातीलाच सांगावा.

गल्ल्यावर मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी सगळ्या भाषा ऐकू येतात. मराठी शाळेत शिकलेली मुलेही ‘एरड चहा कोड्री’ सहज म्हणतात आणि कन्नड मालक ‘बसा की’ म्हणून खुर्ची पुढे करतो. बाहेरगावी वाढणाऱ्या नातवंडांना चहा मागवण्याचे काम द्यावे. मोठ्या माणसाशी ‘अहो–जाहो’ने कसे बोलायचे, ‘द्या’ आणि ‘दे’ कुठे वापरायचे, हे ती तेथे आपोआप शिकतात.

सर्वांची सोय

आपल्या आप्तेष्टांत आणि शेजाऱ्यांत जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेकजण सूर्यास्तानंतर खात नाहीत आणि कांदा–बटाटा टाळतात. त्यांना बोलावले असेल तर वेळ चारचीच ठेवावी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. रमजानमध्ये मुस्लिम स्नेह्यांना बोलवायचे असल्यास बेत सूर्यास्तानंतर ठेवावा. उपवासाच्या दिवशी कोणाला काय चालते ते आधी विचारून घ्यावे.

ज्येष्ठांसाठी पायऱ्या नसलेली, पाठ टेकता येईल अशी खुर्ची असलेली आणि स्वच्छतागृह जवळ असलेली जागा निवडावी. रविवारी संध्याकाळी गर्दी असते, आठ–दहा माणसे असतील तर आधी फोन करावा. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे. जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते.

बिलावरून होणारी ओढाताण सर्वांना परिचित आहे. बोलावणाऱ्याने द्यायचे, हा साधा नियम घरात ठरवून टाकावा. पहिला पगार झालेल्या मुलाने किंवा मुलीने द्यायचे म्हटले तर मोठ्यांनी हात मागे घ्यावा. तो त्यांचा मान आहे.

घरी परतल्यावर

चहाला जाऊन आल्यावर ज्या बाईसाठी हा बेत केला तीच आठ वाजता स्वयंपाकाला उभी राहिली, तर बेत अर्धाच झाला. म्हणून रात्रीचे जेवण निघण्यापूर्वीच ठरवावे: पिठलं–भात, सकाळची भाकरी आणि दही, नाहीतर खिचडी. ते घरातील दुसऱ्या कोणीतरी करावे आणि भांडीही त्यांनीच घासावीत. शेजारी ज्येष्ठ मंडळी असतील तर येताना त्यांच्यासाठी पाव किलो कुंदा आणावा.