शिवणयंत्राला मोटर लागली तेव्हा

शिवणयंत्राचा इतिहास सांगताना आपण बहुधा दोन नावांपाशी थांबतो. अमेरिकेत ईलायस हौ याने १८४६ साली पेटंट घेतले आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने. पण ही यंत्रे चालत ती माणसाच्या हातापायांच्या बळावर. त्यांना वीज कशी मिळाली हे कळले, तर घरातले मोटरचे जुने मशीन अडल्यावर काय पाहावे, तेही कळते.

१८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डी. सी. होता. मागाहून दिशा पालटणारा ए. सी. प्रवाह आला. कित्येक वर्षे एका गावी हा, तर दुसऱ्या गावी तो! कारखानदाराला मात्र एकच मोटर सगळीकडे खपवायची होती. म्हणून शिवणयंत्रांना दोन्ही प्रवाहांवर चालणारी 'युनिव्हर्सल' मोटर लागली. सिंगरच्या १९३३ सालच्या सुटसुटीत 'फेदरवेट' यंत्रातही तीच आहे.

आपल्या खेड्यांत वीज उशिरा पोचली. त्यामुळे इथे पुष्कळ ठिकाणी जुन्या पायमशीनलाच मागून मोटर जोडली गेली.

या मोटरीच्या फिरत्या भागाला वीज मिळते ती दोन कार्बनच्या तुकड्यांतून. ते तांब्याच्या कम्युटेटरवर सतत घासतात आणि पाटीवरच्या पेन्सिलीसारखे झिजतात. मोटर अडखळू लागली, ठिणग्या वाढल्या, जवळचा रेडिओ खरखरू लागला, की आधी हे कार्बन पाहावेत. ते थोड्या पैशांत बदलता येतात. केवळ त्यांच्यापायी "मोटर जळली" म्हणून मशीन भंगारात गेले, तर एखाद्या घरची रोजची मिळकतच जाते.

तपासणीचा क्रम असा ठेवा. पहिल्याने प्लग काढा. मग पट्टा उतरवून चाक हाताने फिरवा. ते जड गेले, तर दोष मोटरीचा नाही. आत तेल सुकले आहे किंवा दोरा अडकला आहे. चाक हलके असेल, तर पट्टा फार ताणलेला आहे का, ते बघा. मग कार्बन पाहा. प्लग लावताच, पायाने दाबल्यावाचून मशीन धावू लागले, तर बिघाड पायाखालच्या पेटीत किंवा तिच्या वायरीत समजावा. मशीनचे तेल मोटरीत मात्र ओतू नका. ते कम्युटेटरवर पसरते, त्यावर कार्बनची भुकटी बसते आणि ठिणग्या आणखी वाढतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. जुन्या वायरीवरचे रबर कालांतराने कडक होऊन तडकते. वायर वाकवल्यावर भेगा दिसल्या, तर ती संपूर्ण बदलेपर्यंत प्लग लावूच नका. चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. शिवणारीचे हात लोखंडावरच असतात. बाहेरदेशाहून आलेल्या यंत्रावरची पाटीही वाचा. तीवर ११० व्होल्ट लिहिले असेल, तर आपली २३० व्होल्टची वीज त्या मोटरीला जाळून टाकील.

वायरमन येईपर्यंत काम अडायला नको. पायमशीनचा सांगाडा शाबूत असेल, तर मोटरीचा पट्टा काढा, चामड्याचा जुना पट्टा चढवा आणि पायाने शिवायला बसा. मूळ यंत्र त्यासाठीच बनले होते.