रुपयावरची खूण कुणाची?

आपल्या शिरूर-दौंडकडच्या पुष्कळ घरांत आजेसासूबाईंच्या गाठोड्यात एखादा राणीछाप रुपया निघतो. अडीनडीला तो मोडायला नेला, की घेणारा त्यावरचा चरा दाखवतो, "नाणं खोटं आहे" म्हणतो आणि भाव पाडतो. आमच्या गटांतल्या बायकांनी हे ऐकून घेतलंय. म्हणून आज आपण रुपयावरची खूण वाचायला शिकू. ती टाकसाळीतली की नंतरची, हे घरबसल्या बरंचसं कळतं.

पेशवाईत आपल्याकडे अंकुशी रुपया चालायचा. त्यावर अंकुशाचं चिन्ह आणि मोगल बादशहाच्या नावाची फारसी अक्षरं असत. चांदवडच्या टाकसाळीतला तो चांदवडी रुपया. ही नाणी हातानं पाडत. तोलून घेतलेली चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वरून हातोड्याचा घाव घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं नाण्यावर मावत नसत. घाव तिरका बसला तर छाप एका बाजूला सरके, कधी काठाला चीर जाई. म्हणून अंकुशी रुपया वाकडातिकडा, अर्ध्या अक्षरांचा दिसला, तर ती त्याची जन्मखूण समजा.

तेव्हा बाजारात अनेक टाकसाळींचे रुपये एकत्र फिरत. कुणात चांदी कमी, कुणाचं वजन घटलेलं. सराफ रुपया वाजवून पाही. शंका आली तर छिन्नीनं टोचा मारून आतली चांदी बघे, नाहीतर आपली बारीक खूण उमटवे. जेवढं उणं निघे तेवढा बट्टा कापे. म्हणजे असा टोचा नंतरचा खरा, पण त्यावरून नाणं खोटं ठरत नाही. आत पांढरी चांदीच दिसत असेल, तर ते नाणं जुन्या परीक्षेत उतरलेलं आहे.

१८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. यंत्रावर पाडलेला, ११.६६ ग्रॅम म्हणजे एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. आपल्या आज्या 'रुपयाभार' म्हणत ते हेच वजन.

आता परीक्षा. नाणं उजेडात तिरकं धरा आणि रेघेवरून अलगद बोट फिरवा. रेघ उंच लागली, तर ठशालाच तडा गेलेला होता आणि दाबताना चांदी त्या तड्यात शिरली. हा दोष टाकसाळीतला. रेघ खोल लागली आणि तिच्या कडेला चांदी सरकून वर आलेली दिसली, तर तो नंतरचा ओरखडा. राणीचा गाल आणि केस म्हणजे नाण्याचे उंच भाग. तेच गुळगुळीत झाले असतील, तर ती हाताळून झालेली झीज. काठावरच्या बारीक रेघा तुटल्यात आणि वजनही कमी भरतंय, तर कुणीतरी कानस चालवलीय. माळेत ओवलेल्या रुपयाला भोक किंवा कडीच्या डाखाचा डाग असतो. ओतीव खोट्या नाण्याच्या काठाला मात्र बऱ्याचदा जोड दिसतो आणि अंगावर बारीक खळगे असतात.

वर्षही वाचा. १९४० ते १९४५ च्या राजाछाप रुपयात निम्मीच चांदी आहे. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच. नाणं काळं पडलं म्हणून चिंच-राखेनं घासू नका. काळेपणा हा दोष नाही, पण घासून पडलेले चरे जात नाहीत आणि जुनी नाणी जमवणारा त्याचे पैसे कापतो.

उलट बाजूची फसवणूकही आहे. "चुकीच्या छापाच्या नाण्याला लाखो रुपये देतो" असं सांगून फोनवर आधी शुल्क मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावानंही असे फोन होतात. २०२१ साली बँकेनंच जाहीर केलं, की जुन्या नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कधी शुल्क मागत नाही.

तेव्हा बायांनो, रुपया मोडायचाच असेल तर आधी वर्ष बघा, सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या, खूण कसली ते ठरवा आणि दोन दुकानांत भाव विचारा. एकटीनं जाऊ नका. गटातली एखादी मैत्रीण बरोबर न्या.